मिरचीच्या वावरातला बुटका

लग्न रविवारी होतं, आणि गुरुवार उजाडला तरी रेडा धरायला गावात धडसा पुरुष नव्हता.

रेडा होता. परसातल्या फणसाला बांधला होता. केळीची सालं, मांडवासाठी आणलेला पाला आणि नवरीच्या आईने, यूसनिमारने, वाळत घातलेला नेसायचा एक सारोंग खाऊन तो उत्तम तब्येत राखून होता. कापायला मशिदीचे इमामही होते. पण इमामांनी सुरी फिरवायची तर आधी चौघांनी मिळून रेडा आडवा पाडावा लागतो. आणि ते चौघेच काय, सुंगाई लिंताह गावातले हातीपायी धड असलेले सगळे पुरुष मिस्टरबरोबर डोंगरात गेले होते. मांडवाचे बांबू अंगणात पडून होते. दोघादोघांनी उचलायच्या मोठ्या कढया गावच्या कोठीतून हललेल्या नव्हत्या.

मिस्टर म्हणजे हेनिंग, डेन्मार्कचा निवृत्त गुरांचा डॉक्टर. दरवर्षी पाऊस ओसरला की तो इकडे सुमात्रात, केरिंचीला यायचा आणि ओरांग पेंडेकच्या शोधात जंगलात शिरायचा. ओरांग पेंडेक म्हणजे बुटका माणूस. कमरेएवढा उंच, अंगभर केस, चालतो दोन पायांवर आणि पावलं म्हणे उलटी. गावात प्रत्येकाच्या काकाने तो पाहिलेला होता, स्वतः मात्र कुणीच नाही. मिस्टर मजुरी चोख द्यायचा, डब्यातले मासे वाटून खायचा आणि दुपारी माणसांना झोपू द्यायचा. बटाट्याच्या वावरात असं काम मिळत नाही. त्यामुळे त्याची जीप चढावर दिसली की पुरुषांच्या हातातली कुदळ आपोआप खाली पडायची. यूसनिमारचा नवरा बुस्तामी त्यांचा म्होरक्या. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं असताना "परवा येतो" म्हणून गेला होता. तो परवा होऊन गेला, त्याच्या नंतरचाही होऊन गेला.

तेव्हा यूसनिमारने कमरेला पदर, म्हणजे सारोंगाचं टोक, खोचलं आणि ती गावप्रमुख दारमावीच्या घरी गेली. डोंगरातल्या मोहिमेशी बोलायचा वॉकीटॉकी त्याच्याकडे असे. पायाचा अंगठा सुजल्यामुळे दारमावी गावातच राहिला होता, आणि ही मोठी जबाबदारी आपल्यावर असल्यामुळे आपण राहिलो असं सांगत होता.

"देस्नीच्या बापा, मी बोलतेय," यूसनिमार म्हणाली.

"कोण?" पलीकडून खरखर आली.

"देस्नीच्या बापाला हाक मारणाऱ्या किती बायका आहेत?"

"हां, हां, बोल. पण हळू. दबा धरून बसलोय आम्ही."

"रविवारी लग्न आहे तुमच्या मुलीचं. मांडव जमिनीवर पडलाय. रेडा माझे कपडे खातोय."

"आलोच की. आता अगदी जवळ पोचलोय, मिस्टर म्हणतो. ओढ्याकाठी त्याला कसला तरी वास आला."

"तो तुमचाच असणार. अंगाला पाणी कधी लागलंय?"

"ऐक, तो सापडला की तसाच निघतो बघ."

'सापडला की' हे शब्द यूसनिमार दरवर्षी ऐकत आली होती. भात कापायचा, तो सापडला की. छप्पर गळतंय, सापडला की. आता पोरीचं लग्नसुद्धा त्याच्या सापडण्यावर टांगलेलं ऐकून तिचं डोकं फिरलं.

"तिकडे कशाला शोधताय? तो इथं आलाय. माझ्या मिरचीच्या वावरात ठाण मांडून बसलाय. कामाचा ना धामाचा, अंग खाजवतोय नुसता, अगदी तुमच्यासारखा. या आणि घेऊन जा."

पलीकडची खरखर तुटली. नवऱ्याला लाज वाटली असावी असं समजून यूसनिमार जरा बऱ्या मनाने घरी गेली.

वस्तुस्थिती वेगळी होती. बुस्तामीच्या शेजारी पादांगच्या विद्यापीठातली फित्रा बसली होती, मिस्टरची दुभाषी. मुलगी मन लावून काम करणारी. कानावर पडेल ते शब्दाला शब्द लावून ती मिस्टरला सांगत असे. टोमणा कसा भाषांतरित करावा हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत अख्खी मोहीम उतार उतरून गावात आली. सगळ्यात पुढे बुस्तामी, धावत. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवरा आपल्या दिशेने धावत येताना यूसनिमार प्रथमच पाहत होती. तिने केसांवरून हात फिरवला. बुस्तामी तिच्या शेजारून तसाच पुढे मिरचीच्या वावराकडे धावत गेला.

खरं सांगून टाकायला तिने तोंड उघडलं होतं. पण बुस्तामीच्या मागून दीर आला, दोन्ही भाऊ आले, शेजारचे आले. एकेकाचे दंड बघूनच रेडा आडवा झाल्याचं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिने तोंड मिटलं. आधी मांडव उभा राहू दे, मग सांगू काय ते.

मांडव उभा राहिला नाही. सकाळी फित्रा मिस्टरचे नियम घेऊन दारात आली. यूसनिमारला ती बू, म्हणजे आई, म्हणायची.

"बू, मिस्टर म्हणतात, वावराच्या आसपास कुणी फिरायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. चूल पेटवायची नाही. धुरानं तो बिथरतो."

"अगं बाई, लग्नघर आहे हे. दीड गाव जेवायचंय."

फित्राने जाऊन विचारलं आणि ती परत आली. "ते म्हणतात, थंड पदार्थ करा."

"रेंदांग थंड करू? नारळाच्या दुधात मांस आटायला दिवसभर आच लागते. विचार त्याला, त्याच्या देशात लग्नात काय जेवतात?"

फित्रा पुन्हा जाऊन आली. "थंड मासे म्हणाले."

वाजवणाऱ्यालाही शहरातून येऊ नको म्हणून निरोप गेला. रेडा कापायचा नाही, कारण रक्ताचा वास. बांबू ठोकायचे नाहीत, कारण आवाज. यूसनिमारने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. दीर केळीच्या आड पालथा पडला होता. भाऊ पाण्याच्या पिंपामागे होते. नवरा कोंबड्यांच्या खुराड्यावर दुर्बीण घेऊन बसला होता आणि खाली कोंबड्या ओरडत होत्या. सगळे पुरुष घरी होते आणि एकही हाताशी नव्हता.

त्यात पावलं सापडली. ओल्या मातीत, मिरचीच्या दोन ओळींच्या मधे, चांगली ठसठशीत. मिस्टरने गुडघे टेकले. पावलांवर पांढरं पीठ कालवून ओतलं, ते वाळल्यावर साचा अलगद उचलून ओट्यावर आणला आणि तो काय बोलतो ते फित्रा सगळ्यांना सांगू लागली.

"पाऊल आखूड आहे, पण विलक्षण रुंद. अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून आहे. टाचेला खोल भेगा. मिस्टर म्हणतात, माणसाचं पाऊल इतकं पसरट असूच शकत नाही."

यूसनिमार बुधवारी त्या वावरात मिरच्या तोडायला गेली होती. अनवाणी. तिने दोन्ही पाय हळूच सारोंगात ओढून घेतले.

बुस्तामीने साचा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. इतकी वर्षं त्या पायांशेजारी झोपलेला माणूस तो. "काय भयंकर पाय आहे," तो म्हणाला.

देस्नीने साचा पाहिला, मग आईकडे पाहिलं. "आई, हा तर..."

"गप्प बस. आणि आधी चपला घाल. तुझेही पाय माझ्यावरच गेलेत."

जुम्म्याचा नमाज झाला तरी चूल थंडच होती. आता या बुटक्याला वावरातून घालवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. यूसनिमार मिस्टरसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गेला तो. ओढा ओलांडून बुकित पुलाईकडे. मी डोळ्यांनी पाहिला."

टोमणा नव्हता हा, आता चक्क खोटं होतं. बुकित पुलाई का, तर गावातून बाहेर जाणारी तेवढीच एक वाट होती. दुसरी तिच्याच बटाट्यात जायची. बुकित पुलाई हे आपल्या व्याह्यांचं गाव आहे हे तिला शब्द तोंडातून निसटल्यावर आठवलं.

दारमावीला ते पटेना. सुजलेला अंगठा सांभाळत तो वावरापर्यंत आला होता. "पावलं बाहेर जाताना दिसतायत. म्हणजे तो आत आलाय. पावलं उलटी असतात त्याची."

"मग ही आत येणारी?" बुस्तामीने विचारलं.

"ती बाहेर गेल्याची."

"म्हणजे आत आला आणि बाहेर गेला."

"कशावरून? आधी बाहेर गेला आणि मग आत आला असेल."

"आत आल्याशिवाय बाहेर कसा जाईल?"

फित्रा हे सगळं मिस्टरला सांगत होती. मिस्टरने डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"पावलांचं राहू द्या," यूसनिमार म्हणाली. "मी तोंड पाहिलं त्याचं. तोंड बुकित पुलाईकडे होतं. का तोंडही उलटं असतं?"

दारमावीने विचार केला. "तोंडाबद्दल जुनी माणसं काही बोललेली नाहीत," त्याने कबूल केलं.

मोहीम हलली. ज्या गावचं जंगल त्या गावची माणसं, असा तिथला रिवाज. त्यामुळे मिस्टर, फित्रा आणि सामान गेलं आणि सुंगाई लिंताहचे पुरुष मागे उरले. ते हिरमुसले होते, पण यूसनिमारला त्यांच्या मनाशी काही काम नव्हतं, दंडांशी होतं. दिवेलागणीला मांडव उभा होता, कढया अंगणात होत्या आणि देस्नीच्या हातांवर मेंदी चढली होती.

शनिवारी सकाळी यूसनिमार खोबरं किसायला बसते तोच विहीणबाई मोटारसायकलवरून उतरल्या. झैनिदार त्यांचं नाव. बाई नीटनेटक्या, आवाज कधी चढायचा नाही, आणि म्हणूनच त्यांची भीती वाटायची.

"विहीणबाई, तुमचा पाहुणा आमच्याकडे पोचला बरं का," त्या म्हणाल्या.

"कुठला पाहुणा?"

"केसाळ. लग्नाआधी आहेर पाठवतात हे माहीत होतं. जनावर पाठवायची पद्धत तुमच्याकडची दिसते."

यूसनिमारने त्यांना चटई दिली, कॉफी दिली. झैनिदारबाईंनी कॉफीकडे पाहिलंही नाही.

"माझा हेंद्रिझाल, तुमचा होणारा जावई, झाडावर बसलाय. चार शब्द इंग्रजी येतात ना, म्हणून मिस्टरने त्यालाच नेमलंय. गळ्यात कॅमेरा आहे. खाली उतर म्हटलं, तर ओठावर बोट ठेवून मला गप्प केलं. मला, आईला."

"तो काय लहान आहे? उतरेल की उद्यापर्यंत."

"उतरेल आणि येईल कशात? वऱ्हाडाच्या दोन्ही मोटारी मिस्टरने घेतल्यात. आमच्या प्रमुखाने गाव बंद केलंय. ढोल नाही, धूर नाही. माझे भाचे गटारात पडून टेहळणी करतायत. लग्न पुढं ढकलू या, दुसरं काय."

"पुढं कुठं? रमजान लागतोय. मग बटाट्याची काढणी."

"मग काढणीनंतर. तोवर तुमचा पाहुणा सापडेल."

आतल्या दारात देस्नी येऊन उभी होती. मेंदीचे हात तिने अंगापासून दूर धरले होते. "आई," ती शांतपणे म्हणाली, "त्याला झाडच आवडत असेल तर राहू दे तिथंच." आणि आत जाऊन तिने हात धुवायला पाण्याचं भांडं ओढलं. त्याचा आवाज यूसनिमारच्या काळजात गेला.

"धुऊ नकोस," ती म्हणाली. "मी येते जाऊन."

बुकित पुलाईच्या वेशीवर डुरियनचं मोठं झाड होतं. खाली मिस्टर, फित्रा, टेहळणीतून उठून आलेले गावकरी, आणि वर कुठेतरी नवरामुलगा. झैनिदारबाई बाजूला उभ्या राहिल्या. बायको बुकित पुलाईला गेली म्हणजे तिथे काहीतरी दिसलं असणार, असं ठरवून बुस्तामीही मागोमाग आला होता.

यूसनिमारने एका दमात सगळं सांगितलं. वावरात काही नव्हतं. रागात बोलले. नंतर बोलले ते खोटं बोलले. बुकित पुलाईला कुणी आलेलं नाही.

मिस्टरने ऐकून घेतलं आणि मायेने मान हलवली. फित्रा म्हणाली, "ते म्हणतात, ज्यांनी खरंच पाहिलेलं असतं ते लोक असंच करतात. नंतर नाही म्हणतात. हसतील म्हणून घाबरतात. तुमच्यावर त्यांचा पहिल्यापेक्षा जास्त विश्वास बसलाय."

"साचा कुठाय तो?"

साचा पेटीत, कापसात होता. मिस्टरने तो मोठ्या अभिमानाने काढून दिला. यूसनिमारने तो जमिनीवर ठेवला, चप्पल काढली आणि इतक्या माणसांसमोर, होणाऱ्या विहिणीसमोर, आपला उघडा पाय त्याच्या शेजारी ठेवला. अंगठा तसाच फटकून. भेगेसारखी भेग. लहान पोरानेही जोडी लावली असती.

मागची माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

"तरी म्हटलं," बुस्तामी शेवटी पुटपुटला, "कुठंतरी पाहिलाय हा पाय."

झैनिदारबाईंनी पायाकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं. "हेंद्रिझाल," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. फांद्या हलल्या आणि तो उतरला.

मिस्टर पेटीवर बसला. चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिला. मग फित्राला काहीतरी म्हणाला.

"काय शिव्या दिल्या?" यूसनिमारने विचारलं.

"शिव्या नाही दिल्या. खरं सांगितलंत म्हणून आभार मानले. आणि म्हणाले, पुरे झालं आता. घरी जातो, पुन्हा येणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर यूसनिमार दोन देऊन मोकळी झाली असती. आभारांचं काय करायचं हे तिला कळेना. तिने चप्पल घातली आणि मिस्टरलाही लग्नाचं आमंत्रण दिलं.

रविवारी लग्न लागलं. रेडा लाथा झाडत आडवा झाला, रेंदांग थोडा करपला, वाजवणारा उशिरा आला आणि उशिरापर्यंत वाजवत राहिला. मिस्टर कोपऱ्यात बसून वाढलेलं सगळं खाली मान घालून जेवला. गावातले पुरुष यूसनिमारशी तुटक बोलत होते. चालतं दुकान बंद केल्यासारखं त्यांना वाटत होतं. तिने मनावर घेतलं नाही. मुलगी उजवली, जावई झाडावरून उतरला, नवरा घरी आला. बाईला आणखी काय हवं?

हे समाधान तिला बुधवारपर्यंत पुरलं.

लग्न झालं की नवऱ्याने बायकोच्या घरी राहायला यायचं, ही त्यांच्याकडची रीत. हेंद्रिझाल एक ट्रंक घेऊन आला. शहरातली त्याची नोकरी पुढच्या महिन्यात लागायची होती. बुस्तामीला जंगल उरलं नव्हतं आणि वावराला, त्याच्या मते, थोडी विश्रांती हवी होती. त्यामुळे सकाळपासून दोघे पुरुष चुलीपाशी बसायचे.

"आच जास्त झाली," बुस्तामी म्हणायचा.

"एवढी वर्षं याच आचेवर जेवलात."

"म्हणूनच सांगतोय."

"आमच्याकडे हळद आधी घालतात," जावई अदबीने म्हणायचा. एका दुपारी यूसनिमार पाणी घेऊन आली तर त्याने मसाल्याचे सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले होते. ती कढईपाशी मिरची शोधत राहिली आणि तेल जळून गेलं. बुस्तामीने कोंबड्यांना हाकेसरशी रांगेत यायला शिकवायचं मनावर घेतलं होतं. त्यांनी अंडी घालणं सोडलं.

"तुम्हाला बाहेर काही काम नाही का?" तिने विचारलं.

"घरी थांबा, घरी थांबा म्हणून तूच मागं लागली होतीस ना? आता थांबलोय."

यूसनिमार जळकी कढई घासायला बसली. देस्नी तांदूळ निवडता निवडता जवळ सरकली. "आई, हा रोज असाच घरी असणार?"

"मला विचारू नकोस, बाई," यूसनिमार म्हणाली.

मिस्टर अजून दारमावीच्या घरी होता, खाली जाणाऱ्या जीपची वाट बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी यूसनिमारने कॉफी घेतली, थोडा रेंदांग घेतला आणि ती तिकडे गेली. मिस्टर सामान बांधत होता. साचा टेबलावर तसाच होता. त्याच्याकडे न बघता ती पायरीवर बसली.

"फित्रा, याला विचार, एवढ्या लांब राहतो, तर याला आमच्या बुटक्याचं सांगितलं तरी कुणी?"

फित्राने विचारलं. मिस्टरच्या चेहऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदा हसू आलं. तो बराच वेळ बोलला.

"बायकोनं, म्हणतात. गुरांचा दवाखाना मुलाकडे सोपवून हे घरी बसले, त्यानंतर लवकरच. ती कुठूनशी ऐकून आली की सुमात्रात असा एक प्राणी आहे, कुणालाच सापडत नाही. हे जाऊ का नको करत होते. तिकीट तिनंच काढलं. दरवर्षी तीच काढते. परत गेले की विचारते, सापडला का? नाही म्हटलं की पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, हरकत नाही, पुढच्या वर्षी." फित्राचा आवाज जरा ओला झाला. "किती विश्वास ना, बू? यांच्यापेक्षाही जास्त विश्वास तिचाच आहे."

यूसनिमारने फित्राकडे पाहिलं. पोरीचं अजून लग्न व्हायचं होतं.

"त्याला सांग, इतक्यात सामान बांधू नको," ती म्हणाली. "माझी आजी सांगायची, गुनुंग तुजुह डोंगरावरच्या तळ्यापलीकडं, जिथं कुणी जात नाही, तिथं असतो तो. कुठल्याच गावचं जंगल नाही ते. वाट अवघड आहे. लांब आहे."

फित्रा थबकली. "आजी खरंच असं सांगायची, बू?"

"आजी पुष्कळ काही सांगायची. तू पुढं सांग. म्हणावं, घाई करून चालायचं नाही, महिना तरी जाईल. एकट्याचं काम नाही. दोन माणसं मी देते."

फित्रा बोलत असताना मिस्टरचे हात हळूहळू थांबले. त्याने चष्मा चढवला, पेटीतून नकाशा काढला आणि टेबलावर पसरून तळ्यापलीकडे बोट ठेवलं. यूसनिमारने ते बोट धरून आणखी थोडं पुढे सरकवलं.

"आणखी काही सांगू त्यांना?" फित्राने विचारलं.

"हो," यूसनिमार रिकामा पेला उचलत म्हणाली. "घरी गेला की बायकोला माझा सलाम सांग म्हणावं."